कारंज्याच्या नेमकं किती पुढे?

"मॅडम, मले बाकी काई नको. फक्त इंग्रजीतून भांडता आलं पाहिजे."

वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेत मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला, तेव्हा दारात आलेला हा पहिला माणूस. वर्ध्यात बनियन-टॉवेलचं जुनं दुकान, डोक्यावर टोपी, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. त्यांचा माल तिरुपूरहून यायचा. तिथल्या व्यापाऱ्याला हिंदी येत नव्हती, शेठजींना तमिळ येत नव्हती, आणि दोघांमध्ये उरली होती मोडकीतोडकी इंग्रजी. शेठजी फोनवर ओरडून सांगायचे, "सेंड बिफोर दिवाली!" पार्सल यायचं धनत्रयोदशीला. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानातून बनियन घेऊन गेलेलं.

"आता भांडू तं काय भांडू?" शेठजी म्हणाले. "तो म्हणते, दिवाळीच्या आधीच तं पाठवलं!"

मी त्यांना एकच शब्द दिला. 'बिफोर'च्या आधी 'वेल' लावा. 'वेल बिफोर दिवाली', म्हणजे दिवाळीच्या बऱ्याच आधी. पुढच्या वर्षी माल वेळेत आला आणि भांडण झालंच नाही. शेठजी पेढे घेऊन आले, पण जरा खट्टू दिसले. भांडायची सगळी वाक्यं पाठ झाली होती, ती वाया गेली.

माझा धंदा हा असा आहे. लोकांना वाटतं, इंग्रजी अडते ती मोठ्या शब्दांवर. मोठे शब्द मोबाइलमध्ये सापडतात. माणूस अडतो तो या चिल्लर शब्दांवर. 'टेबलवर', 'पुलानंतर', 'घराच्या मागे' हे इंग्रजीत सांगताना 'वर', 'नंतर', 'मागे' आधी येतात आणि वस्तू नंतर: ऑन द टेबल, आफ्टर द ब्रिज, बिहाइंड द हाउस. या सगळ्याच्याही आधी आणखी एक छोटा शब्द बसतो आणि किती ते सांगतो. पुलानंतर लगेच, की पुलानंतर बरंच? घराच्या अगदी मागे, की कुठेतरी मागे? आपणही 'अगदी समोर', 'थेट घरात', 'जरा पुढे' म्हणतोच. पण आपल्याला ते कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते शिकवायची वेळ आली की जीभ अडखळते.

माझी जास्तच अडखळते. त्याला कारण आमचं घर.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा चळवळीतले. कोणत्या ना कोणत्या मोर्चाची पत्रकं छापखान्यातून येऊन दिवाणावर शाई सुकवत पडलेली असायची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच, त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'धिक्कार' वाचता आला. पत्रकाच्या भाषेत किती हे सांगणारे शब्द दोनच असतात: तात्काळ आणि बिनशर्त. 'साधारण', 'जवळपास', 'जरासं' दिसलं की बाबा लाल पेनने खोडायचे. जराशी मागणी करणाऱ्याला जरासंच मिळतं, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलेलं होतं, आजही बरंचसं पटतं. बघा, 'बरंचसं' आलंच.

अशा घरातली मुलगी इंग्रजी शिकवते. बाबा पाहुण्यांना सांगतात, "पोरगी भाषा शिकवते." कोणती, ते सांगत नाहीत. मी वर्गाचं पहिलं पत्रक छापलं तेव्हा वर ठळक टाइपात लिहिलं होतं: 'इंग्रजी कुणाच्या बापाची नाही!' ते मात्र बाबांनी जपून ठेवलं आहे.

माझं म्हणणं साधं होतं. इंग्रजी हे फाटक आहे, आणि फाटकावरचा पहारेकरी आपल्या पोरांना हटकतो. फाटक तोडेपर्यंत पोरांनी बाहेर उभं राहायचं का? किल्ली बनवून द्यावी, आणि किल्ली नेमकी असावी. गोलमोल बोलणं ही मालकांची चैन आहे, आपल्या पोरांना ती परवडत नाही. हे मी वर्गात आवाज चढवून सांगायचे, आणि पोरंपोरी मान डोलवायच्या.

फक्त प्रणाली डोलवायची नाही.

प्रणाली समुद्रपूरची. एसटी स्टँडजवळ तिच्या बाबांचं पंक्चरचं दुकान. ती मात्र राहायची कारंज्याला, मावशीकडे. कारंजा घाडगे म्हणजे नागपूर-अमरावती महामार्गावरचं ट्रकांचं आणि धाब्यांचं गाव. तिथे एका कंपनीचं मदत केंद्र होतं. महामार्गावर गाडी बंद पडली की त्या केंद्रात फोन यायचा. प्रणाली मेकॅनिकला पाठवायची आणि तो कुठवर पोहोचला हे गाडीवाल्याला सांगत राहायची. ड्रायव्हर लोकांशी हिंदीत भागायचं. पण ट्रक दक्षिणेतला असला की मालकाच्या ऑफिसातून फोन यायचा, आणि तो इंग्रजीत. म्हणून ती दर रविवारी कारंज्याहून तळेगाव, आर्वी करत एसटीने वर्ध्याला माझ्या वर्गात यायची.

'राइट आफ्टर द ब्रिज' शिकवलं त्या दिवशी तिने हात वर केला.

"मॅडम, व्हेरी आफ्टर द ब्रिज म्हटलं तं?"

"नाही चालत."

"काऊन नाई? व्हेरी गुड चालते, व्हेरी हॉट चालते. आफ्टरनं काय घोडं मारलं?"

"गुड आणि हॉट हे गुण आहेत. आफ्टर द ब्रिज ही जागा आहे. जागेच्या आधी व्हेरी बसत नाही, राइट बसतो."

"मंग वेल आफ्टर चालते, वेल बिफोर चालते, अन् वेल ऑन द टेबल?"

"नाही."

"ते काऊन?"

मी फळा पुसायला घेतला. 'ते ऐकून ऐकून कळतं' असं काहीतरी म्हणाले.

"म्हंजे तुमाले बी मालूम नाई," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. घरातल्या पत्रकांनी मला प्रत्येक 'का'चं उत्तर दिलं होतं. या भाषेत मात्र मी रोज उठून 'असंच असतं' म्हणत होते, म्हणजे जे वाक्य ऐकलं की बाबा मोर्चा काढायचे तेच.

वर्ग सुटल्यावर ती थांबली आणि खरी अडचण सांगितली. नोकरीत ती अजून कच्ची होती. कायम करायचं की काढायचं हे ठरेपर्यंत तीन तक्रारी झाल्या तर घरी. तिच्या नावावर दोन झाल्या होत्या. केंद्राच्या फोनच्या टेबलावर बसलेली ती पहिली मुलगी. नागपूरचे सुपरवायझर भोयर सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिचं जमलं नाई तं यापुढं पोरगी घेनार नाई."

एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाच तयार झाला. पण आधी तक्रारी काय आहेत ते विचारलं.

दोन्ही एकाच जातीच्या होत्या. ऑफिसवाला विचारायचा, तुमचा माणूस कुठे आहे? ही सांगायची, "सर, जस्ट आफ्टर कारंजा. जस्ट निअर युवर ट्रक." माणूस असायचा तिकडे नागपूरच्या बाजूला, कोंढाळीही न ओलांडलेला, अजून कारंज्यालाच न पोहोचलेला. ट्रकवाला तासभर रस्त्याकडे डोळे लावून बसायचा, आणि मग ऑफिसवाला लिहायचा: तुमची मुलगी खोटं बोलते.

"असं का सांगतेस?" मी विचारलं.

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "मंग काय सांगू? लई दूर आहे म्हनू? आमच्या दुकानावर सायकलवाले येत, घामाघूम. गाव किती राह्यलं विचारत. बाबा म्हनत, हे काय, समोरच आहे. थकल्या मानसाले गाव दूर सांगू नये, मॅडम."

आता हे आपल्याकडचं कुणाला माहीत नाही? वर्धा जिल्ह्यात कुणालाही वाट विचारा, कुणी दूर सांगणार नाही. 'हे काय, आलंच' म्हणतील आणि तुम्ही तीन गावं ओलांडाल. त्यात फसवणूक नसते. चालणाऱ्याच्या पायात बळ यावं म्हणून गाव अलीकडे ओढलेलं असतं. प्रणालीचं इंग्रजी बरोबर होतं. तिने फक्त आपल्याकडची रीत इंग्रजीत नेली होती.

मला तिच्या बाबांचं म्हणणं आवडलं, आणि त्याचाच राग आला. दिलासा म्हणून खोटं सांगायचं हा तर सरकारचा धंदा! काम सुरू आहे, लवकरच होईल, थोडी कळ सोसा. आम्ही लहानपणापासून ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या, ते या पोरीच्या तोंडात शिरलं होतं. मी तिथल्या तिथे 'जस्ट'वर बंदी घातली. तात्काळ आणि बिनशर्त.

मग तिला एसटीतला अभ्यास दिला. खिडकीजवळ बसायचं आणि दिसेल त्याची जागा इंग्रजीत सांगायची. पुलानंतर लगेच धाबा: राइट आफ्टर द ब्रिज. कारंजा आणि तळेगावच्या अर्ध्यावर पाण्याची टाकी: हाफवे बिट्वीन. तळेगावच्या बरंच पुढे पेट्रोल पंप: वेल बियाँड तळेगाव. रविवारी ती वर्गात आली की घडाघडा म्हणायची. एकदा कंडक्टरने विचारलं म्हणे, "बाई, मंतर म्हनून राह्यल्या का? गाडी चांगली आहे आपली."

काही आठवड्यांत ती इतकी नेमकी बोलायला लागली की मीच अभिमानाने फुगले. आणि मग तिचा फोन आला.

"मॅडम, तिसरी झाली."

"पुन्हा जस्ट म्हणालीस?"

"नाई ना! तुमी सांगतलं तसंच म्हटलं. ही इज स्टिल अ लाँग वे फ्रॉम युवर ट्रक. ट्रकमंदी टमाटे होते. ऑफिसवाला भडकला. काम रद्द केलं, दुसरा मेकॅनिक बोलावला, अन् लिवलं का मुलगी हिंमत तोडते. भोयर सर येऊन राह्यले उद्या."

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याला गेले. एसटीत बसल्या बसल्या पत्रक मनात लिहून झालं होतं. फक्त मथळा ठरत नव्हता. 'खरं बोलणाऱ्या मुलीचा बळी' लिहावं, तर आधीच्या दोन तक्रारींत ती खरं बोलली नव्हती. 'माणुसकी दाखवल्याची शिक्षा' लिहावं, तर ती माणुसकी मीच बंद केली होती. एवढी चिडलेली असताना नेमकी कशावर चिडले आहे हे न कळणं मला नवीन होतं.

केंद्र म्हणजे धाब्यांच्या रांगेतली एक खोली, दोन टेबलं, भिंतीवर रस्त्याचा नकाशा. मे महिना, दुपारची वेळ, कूलर नुसताच घरघरत होता. भोयर सर माझ्या कल्पनेपेक्षा साधे निघाले. पोट सुटलेला, घामाने बेजार माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली.

"पहिल्या दोन तक्रारी जवळ सांगितल्याच्या," मी म्हणाले.

"हो."

"आणि तिसरी दूर सांगितल्याची."

"हो."

"मग तिनं म्हणायचं तरी काय?"

"आता पाहा, टीचर तुमी आहे," ते म्हणाले. "कस्टमरले बरं वाटलं पायजे, अन् तक्रार नाई आली पायजे. बस, इतकीच बात आहे. याले इंग्रजीत काय म्हनतात ते तुमी शिकवा."

"खोटं म्हणतात!"

"आवाज काऊन वाढवता, मॅडम? नियम म्या बनवला काय? तीन म्हंजे तीन."

मी उभी राहिले. हक्क, कष्टकरी मुली, कंपनीची मनमानी, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, आणि प्रणाली हळूच म्हणाली, "मॅडम, बसा ना. फोन आला."

भोयर सरांनी बटण दाबून आवाज मोठा केला. पलीकडे एक बाई होती, हैदराबादची. इंजिन तापून गाडी बंद पडली होती, सोबत म्हातारे वडील. तिने आधीही एकदा फोन केलेला. "व्हेअर इज युवर मॅन?" ती म्हणाली. आवाजात राग होता, पण रागाखाली घाबरलेपण ऐकू येत होतं.

प्रणालीने दुसऱ्या फोनवर शकीलभाईंना, म्हणजे मेकॅनिकला, विचारलं. ते तळेगावच्या पार पुढे, तिवस्याच्या बाजूला एका ट्रकखाली होते. म्हणाले, "बेटा, टाइम लगेगा." बाईची गाडी होती कारंजा आणि तळेगावच्या मधे.

भोयर सर प्रणालीकडे पाहत होते आणि प्रणाली माझ्याकडे. खरं सांगते, ज्या शब्दावर मी बंदी घातली होती, तोच माझ्या ओठांवर आला होता. म्हण गं, मला वाटत होतं. जस्ट म्हण, जवळ आहे म्हण, त्या बाईला धीर दे, नोकरी वाचव. माझे ओठ हललेसुद्धा असतील. ती मात्र फोनकडे वळली.

"मॅम, व्हॉट डू यू सी फ्रॉम द कार?"

"व्हॉट? अ वॉटर टँक. नथिंग एल्स!"

"ओके मॅम. माय मेकॅनिक इज वेल बियाँड तळेगाव. ही इज स्टिल अ लाँग वे फ्रॉम यू." प्रणाली न थांबता बोलत राहिली. "प्लीज डोन्ट सिट इन द कार. देअर इज अ धाबा जस्ट बिहाइंड यू, राइट बिफोर द टर्न. यू कान्ट सी इट बिकॉज ऑफ द ट्रीज. टेक युवर फादर इनसाइड. दे हॅव अ कूलर."

त्या बाईने इंग्रजीत दोन कडक शब्द ऐकवले आणि फोन ठेवला.

"घ्या," भोयर सर म्हणाले. "चौथी आली समजा."

मला भांडायचं होतं, पण कुणाशी ते कळत नव्हतं. कंपनीशी, त्या बाईशी, की स्वतःशी? प्रणालीने 'जस्ट' वापरला होता, आणि तो यावेळी शब्दशः खरा होता. धाबा खरोखरच गाडीच्या अगदी मागे होता. एसटीच्या खिडकीतून तिने तो इतक्यांदा सांगितला होता की मलाही तो न पाहता पाठ झाला होता. मी शिकवलेलं सगळं त्या वाक्यात होतं, आणि तिच्या बाबांनी शिकवलेलंही होतं. तरी तक्रार येणार होतीच.

चहा आला. कुणी प्यायलं नाही, फक्त भोयर सर प्यायले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. तीच बाई. आवाज कोरडाच. तुमच्या माणसाला सांगा, आम्ही गाडीत नाही, धाब्यात आहोत, असं ती म्हणाली. मागून वडिलांचा आवाज आला, ते ताक मागत होते. आभार वगैरे काही नाही. फोन बंद.

भोयर सरांनी मान पुसली. "धाबा झाडामागं आहे, हे तुले कसं मालूम?"

"रविवारी एसटीनं जातो ना सर. रस्त्यावर काय काय आहे ते इंग्रजीत म्हनत जातो."

"येडी आहे काय तू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अन् हे तुमी सांगतलं?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि निर्णय न सांगताच नागपूरला निघाले.

परतताना एसटीत पत्रकाचा कागद माझ्या मांडीवर कोराच राहिला. 'खरं अंतर सांगा' आणि 'थकलेल्याला दूर सांगू नका' या दोन्ही मागण्या मला एकदम मान्य होत्या. अशा दोन मागण्यांचं पत्रक कसं काढतात, ते बाबांनाही सांगता आलं नाही. त्यांनी लाल पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि पुन्हा खिशाला लावलं. म्हणाले, "पोरीचं काय झालं ते आधी कळू दे."

ते कळायला पंधरवडा गेला. एका संध्याकाळी मी वर्गाला कुलूप लावत होते आणि फोन वाजला.

"मॅडम, पक्की केली मले! भोयर सरांनी तिसरी तक्रार धरलीच नाई. अन् दुसऱ्या टेबलावर बी पोरगीच येऊन राह्यली."

मी जिन्यातच ओरडले. खालच्या झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं.

"पन एक गोष्ट झाली," ती म्हणाली. "सगळ्या केंद्रांले नवीन सूचना आली. आता मेकॅनिक कुठं आहे, किती दूर आहे, हे सांगाचंच नाई. जवळ बी नाई, दूर बी नाई. कोनी विचारलं तं फक्त 'ऑन द वे' म्हनाचं. त्याच्या पहिले कोनताच शब्द लावाचा नाई."

माझं डोकं भणाणलं. म्हणजे कंपनीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, आणि अंतरच काढून टाकलं! एका मुलीला खरं बोलता यायला लागलं तर खरं बोलायची जागाच बुजवून टाकली. मी जिन्यात उभी राहून तिला सांगत सुटले, की हे मान्य करू नकोस, आपण लिहू, मी उद्याच पत्रक काढते, मथळासुद्धा आता ठरला.

"काढा ना मॅडम," प्रणाली म्हणाली. "पन तवर फोन तं येतच राहीन ना. मी काय करतो, पहिले 'ऑन द वे' म्हनतो, सूचना आहे तशी. अन् लगेच विचारतो, तुमी सावलीत आहे का? नसन तं कुठं बसाचं ते सांगतो. हे विचारू नये असं तं कुठं लिवलं नाई."

"अगं, पण मग त्यांना कळतं का, की माणूस अजून दूर आहे?"

"कळते ना, मॅडम," ती म्हणाली. "लगेच येनाऱ्या मानसासाठी कोनी कोनाले सावलीत बसवते काय?"